मापाला बरणी

बरणी रिकामी होती. धुऊन उन्हात वाळवलेली. तरी झाकण उघडलं की फेसलेल्या मोहरीचा वास यायचा.

*

शिंप्याकडे बाई स्वतः जात नाही. मापाला जुनं पोलकं जातं.

*

"मी ब्रह्मदेशातून चालत आलो आहे. दार उघडा." (अंक दुसरा, प्रवेश पहिला.)

*

बाळकुमात म्हणतात, नर्सबाय आधी ऐकू येते, मग दिसते.

*

हरिहरच्या दुकानात भिंतीवर तांबड्या रंगात: रंगमंचावरची पायताणे रस्त्यावर घालू नयेत. त्याखाली कुणीतरी पेन्सिलीने: आणि रस्त्यावरची रंगमंचावर.

*

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत ठाण्यात हळदीकुंकवाची आमंत्रणं फिरतात. खोपटच्या रस्त्यावरच्या एका खोलीत वासंती नर्स राहते. तिथे आमंत्रण जात नाही. तिथे "कळा सुरू झाल्यात" एवढाच निरोप जातो.

*

"हे काय?" हरिहरने विचारलं.

"बरणी," त्र्यंबकराव म्हणाले.

"ती दिसतेय."

"माप आहे. पोटरीचं." त्र्यंबकरावांनी आवाज खाली आणला. कल्याणच्या पारनाक्यावरच्या त्या दुकानात तेव्हा तिसरं कोणी नव्हतं. भिंतीवर टांगलेले अंगरखे, दोन मुकुट आणि एक फौजदाराची टोपी एवढंच काय ते ऐकायला होतं. "आमच्या हिनं पाठवलीय. ठाण्याला महिला मंडळाचं नाटक आहे. त्यातल्या कॅप्टनला गुडघ्यापर्यंतचे बूट पाहिजेत."

हरिहर ड्रेपरीवाला. नाटकांना कपडे भाड्याने द्यायचा त्याचा धंदा. वडिलांचाही हाच होता. शहापूर-मुरबाडपर्यंतच्या शाळांची संमेलनं आणि गणपतीतली नाटकं त्याच्या पेट्यांवर उभी राहत. माप म्हणून आजवर त्याच्याकडे दोरे आले होते, काठ्या आल्या होत्या. पगडीच्या मापाला एकदा नारळ आला होता. बरणी पहिलीच.

"कॅप्टनलाच घेऊन यायचंत."

"बाई आहेत त्या. सगळी पात्रं बायकाच करणार. बघायलाही बायकाच. दुपारचा प्रयोग. मी घरी मुलं सांभाळणार."

"मग टेप लावून इंच लिहून द्यायचे."

"ते म्हणे बरं दिसत नाही. पोलकं कसं मापाला पाठवतात तसं काहीतरी पाठवू, असं ठरलं. आता पोटरीचं पोलकं आणायचं कुठून?"

त्र्यंबकरावांनी पिशवीतून एक घडी घातलेलं वर्तमानपत्र काढलं. त्यावर कोळशाने पावलाची रेघ मारलेली होती. हरिहरने कागद पसरला, शेजारी बरणी ठेवली. एकदा पावलाकडे पाहिलं, एकदा बरणीकडे.

"एवढ्याशा पावलावर ही बरणी उभी आहे?"

"मी बघितलेली नाही," त्र्यंबकराव घाईने म्हणाले.

हरिहरने बुटांची रांग खाली काढली. सगळे पुरुषांचे. ज्यांचं पाऊल कागदावर बसत होतं त्यांची नळी बरणीच्या अर्ध्यावर अडत होती. ज्यांच्या नळीत बरणी जात होती त्यांत कागदावरची दोन पावलं बसली असती. शेवटी एक काळा जोड बरणीला चपखल बसला, जणू तिच्यासाठीच शिवला होता. पाऊल मोठं होतं.

"पुढे कापूस भरा," हरिहर म्हणाला. "नळीचं काम झालंय. नळी महत्त्वाची."

"आणि बरणी परत द्या हां. कैऱ्या आल्या की लागेल."

*

बरणी कशी ठरली ते असं.

उत्तराबाई मंडळाच्या चिटणीस. त्र्यंबकरावांच्या पत्नी. त्यांच्या माजघरात सकाळी, दूधवाला येऊन गेल्यावर, वासंतीला पाटावर बसवून पाय लांब करायला सांगितला होता. तिने साडी घोट्याच्या जेमतेम वर घेतली. उत्तराबाईंची भाची प्रमोदिनी नाटकात नायिका होती. ती मऊ दोरा घेऊन आली आणि मान वळवून, न बघता, तिने तो साडीच्या आतून पोटरीभोवती फिरवला.

"आता हा दोराच पाठवू," प्रमोदिनी म्हणाली.

"दोऱ्याला काय कळतं. ताणला तर ताणला," उत्तराबाई म्हणाल्या. मग त्यांनी तो दोरा तांब्याला लावून पाहिला. तांब्या बारीक. कळशी फार मोठी. डब्यांना लावला, पाट्याच्या वरवंट्याला लावला, आणि बायका हसत सुटल्या. वासंतीही हसली. लोणच्याच्या बरणीला दोरा नेमका भिडला, तेव्हा प्रमोदिनीने टाळी वाजवली.

वासंती नगरपालिकेची नर्स होती. खोपटहून माजिवडे, तिथून बाळकूम, भरती नसली तर मिठागरांच्या बांधांवरून आडवं कोलशेत. अठरा-एकोणीस वर्षं हेच रस्ते, हातात तीच चामड्याची बॅग. तिची पावलं लहान होती, घोटे सडसडीत, आणि त्यांच्या वर चालण्याने भरत गेलेल्या दगडासारख्या पोटऱ्या. त्या कुणी पाहिलेल्या नव्हत्या. तिने जिल्ह्यातल्या निम्म्या बायकांना उघडं पाहिलं होतं; तिला स्वतःला पाटावर पाय लांब करून बसायची सवय नव्हती.

*

मूळ नाटकात शेवटी कॅप्टन कुंकवाचा करंडा उघडतो आणि बायकोच्या कपाळाला बोट लावतो. मंडळाच्या प्रयोगात तो करंड्याकडे बघतो आणि पडदा पडतो. हा बदल कुणी सुचवला ते कुणालाच आठवत नाही.

*

नाटक उत्तराबाईंच्या भावाने लिहिलं होतं. कॅप्टन युद्धात मारला गेला अशी तार आलेली असते. बायको तसं जगायला लागते. मग एका संध्याकाळी तो दारात उभा राहतो.

भूमिका वाटायची बैठक झाली तेव्हा वासंती कोपऱ्यात बसली होती. मंडळात तिचं नाव यंदाच घातलं होतं, आरोग्याच्या व्याख्यानाला कोणीतरी हवं म्हणून. बायकोचं काम प्रमोदिनीला गेलं. सासूचं काम उरलं, मोलकरणीचं उरलं, शेजारणीचं उरलं. तिन्हींच्या कपाळाला कुंकू होतं. उत्तराबाईंनी कागद खालीवर केला.

"वासंती, तुझा आवाज चांगला आहे. उंची आहे. तू कॅप्टन हो."

खोलीतल्या बायकांना दुसरं कारण समजलं. वासंतीलाही समजलं. पण "कॅप्टन हो" हे शब्द तिच्या अंगावर असे पडले की कारणाकडे बघायला तिला फुरसतच झाली नाही.

या खोलीत बसलेल्या पाचजणींची बाळंतपणं तिने केली होती. त्या घरांत ती मागच्या दाराने जायची, मोरीत हात धुवायची, आणि काम झाल्यावर ती बसली होती ती जागा कोणीतरी पुसून घ्यायचं. त्याचा तिला राग नव्हता. पण तालमीला ती पुढच्या दाराने आली. सतरंजीवर सगळ्यांबरोबर बसली. कॅप्टन आला की बाकीच्यांनी उभं राहायचं असं नाटकात लिहिलेलं होतं, आणि त्या उभ्या राहत.

ती बाळकुमाला जाताना मिठागरांच्या मध्ये थांबून म्हणायची, "मी ब्रह्मदेशातून चालत आलो आहे. दार उघडा." बगळे उडायचे. एकदा बांधाच्या खालून आवाज आला.

"कोनाला सांगतंस गो बाय, दार उगर म्हनून? हतं तं भिंत पन नाय."

मिठाच्या ढिगामागून गोदा उठली होती, डोक्यावर चुंबळ. गोदा बाळकूमची. तिची सून शकू पोटुशी होती आणि वासंती दर पंधरवड्याला तिला बघायला जायची.

"नाटकात काम करतेय," वासंती म्हणाली.

"कोनाचं?"

"कॅप्टनचं."

गोदाने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "शोभतंय," ती म्हणाली आणि टोपली उचलायला वाकली.

*

बूट आले. तालमीला सगळ्या बायका गोल करून उभ्या राहिल्या. संध्याकाळचे सहा वाजत आले होते. वासंती कोलशेतहून थेट आलेली. कापूस भरलेल्या बुटात पाऊल गेलं, घोटा गेला, आणि पोटरीच्या पोटाशी नळी थांबली. प्रमोदिनीने खालून ढकललं. उत्तराबाईंनी वरून ओढलं. नळी तसूभर वर आली आणि शिवण करकरली.

"बरणीला तर बसले होते," उत्तराबाई म्हणाल्या. जणू वासंतीने पाय बदलला होता.

त्यांनी बरणी मागवली. बूट बरणीला घातला. बसला. सगळ्यांनी बरणीकडे पाहिलं आणि मग वासंतीकडे.

"नुसते बूट घालू, घोट्यापर्यंतचे," प्रमोदिनी म्हणाली.

"आणि वर काय, उघड्या पोटऱ्या? त्या खाकी विजारी गुडघ्याशी संपतात." उत्तराबाईंनी डोळे मिटून घेतले. त्या दुष्ट नव्हत्या. त्यांच्यापुढे पाचशे बायकांचा हॉल होता. "कॅप्टनला धोतर नेसवता येत नाही. हे बघ वासंती, मनाला लावून घेऊ नकोस. सुमतीचे पाय काडीसारखे आहेत, तिला संवादही पाठ आहेत. पुढच्या रविवारी प्रयोग. बुधवारपर्यंत काही जमलं तर ठीक, नाहीतर सुमती करील. तू प्रॉम्प्टिंगला बस."

सुमती म्हणाली, "मला नको बाई मिशा," पण तिने बूट उचलून बाजूला नेऊन घातले, आणि त्यात ती काडी घातलेल्या बाटलीसारखी दिसली तरी ते गुडघ्यापर्यंत चढले.

वासंतीने बूट परत मागितले. वर्तमानपत्रात गुंडाळून ते बॅगेत बसले नाहीत, म्हणून काखेत धरून घरी नेले.

*

"मीच ती बरणी," वासंती म्हणाली.

हरिहर डिंकात बुडवलेली दाढी सारखी करत होता. त्याने मान वर केली. पांढरी साडी, हातात बॅग, काखेत त्याचे बूट.

"बसा. चढले नाहीत?"

"नाहीत."

"माप चुकीचं होतं."

"माप बरोबर होतं. सकाळी, पाय लांब करून बसल्यावर मी तेवढीच असते. संध्याकाळपर्यंत पाणी उतरतं पायात. उभं राहिलं की आणखी."

हरिहरने दाढी खाली ठेवली. "हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. पुरुषांचं असं होत नाही."

"होतं. ते सांगत नाहीत."

तो हसला. मग दुकानाच्या दाराचा एक पल्ला त्याने लोटला, उजेड येईल एवढा दुसरा उघडा ठेवला, आणि टेप तिच्या हातात दिली. "तुम्हीच घ्या. मी तिकडे बघतो."

"मला एकटीला दोन्ही टोकं धरून उभं राहता येणार नाही. वाकले की पोटरी बदलते." तिने साडी गुडघ्यापर्यंत उचलली. "घ्या. हाताला काही होत नाही. मी रोज लोकांना हेच सांगते."

हरिहर गुडघ्यावर बसला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्याने टेप फिरवली, आकडा पाहिला, पुन्हा पाहिला, आणि तोंडातून "वा" असं निघालं. मग लगेच, "माफ करा."

"का? वाईट आहे का?"

"नाही हो. मी इतकी वर्षं नटांच्या पोटऱ्यांत कापूस भरतोय. मोज्यांच्या आतून. सरदार म्हणून उभे राहतात आणि पाय बगळ्याचे. तुमच्यासारखा पाय मिळाला असता तर..." त्याने वाक्य सोडलं. "किती चालता?"

"जिथे मूल होणार असेल तिथपर्यंत."

त्याने रांगेतले जोड पुन्हा काढले. या वेळी आधी पाऊल बघायचं, असं ती म्हणाली. कापूस भरलेल्या बुटात तिला जमिनीचा पत्ता लागत नव्हता आणि कॅप्टन अडखळत आला असता. हरिहरचं म्हणणं, नळी आधी, कारण हॉलमधून नळीच दिसते. यावर त्यांचं थोडं वाजलं. शेवटी एका तपकिरी जोडात तिचं पाऊल नीट बसलं. टाच उचलत नव्हती, बोटं हलत होती. चामडं जुनं आणि मऊ होतं. गुडघ्याच्या खाली दोन बोटं जागा राहत होती, म्हणजे खुर्चीवर बसताना काठ रुतला नसता. नळी मात्र पोटरीपाशी तशीच थांबली.

"हा फाडावा लागेल," हरिहर म्हणाला. म्हणून झाल्यावर तो बुटाकडे बघत बसला. तो जोड त्याच्या वडिलांनी घेतलेला होता. त्याने तो आजवर कुणाला उसवू दिला नव्हता.

"राहू द्या मग," वासंती म्हणाली. "सुमतीला होतील ते काळे."

"सुमती कोण?"

"जिला होतील ती."

हरिहरने बूट पालथा केला. मागच्या शिवणीवर अंगठा फिरवला. "मागून उसवतो. वरून घोट्यापर्यंत. आत मऊ चामड्याची पट्टी, दोन्ही काठांना भोकं, आणि नाडी. सकाळी आवळायची, संध्याकाळी सैल करायची. भिवा मोच्याला सांगतो, मंगळवारपर्यंत देईल."

"नाडी चामड्याची नको, सरकते. मी बँडेजची पट्टी आणते."

"पांढरी दिसेल."

"मागून कोण बघतं?"

"तेच सांगतोय." हरिहरने बूट खाली ठेवला. "कॅप्टनने सबंध नाटकात पाठ फिरवायची नाही. आत जाताना तोंड लोकांकडे. बायकोशी बोलताना तोंड लोकांकडे. जमेल?"

"जमेल," वासंती म्हणाली.

*

जमलं.

बायकांनी तो प्रयोग पुढे बराच काळ सांगितला, आणि सांगताना त्या एका गोष्टीवर यायच्या: कॅप्टनची चाल. तो आत येतो तेव्हा ताठ येतो आणि जातो तेव्हाही ताठच, एक-एक पाऊल मागे टाकत, नजर समोर. पहिल्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "लष्करातली माणसं अशीच असतात गो. शत्रूला पाठ दाखवत नाहीत."

विंगेत मात्र धांदल होती. प्रयोगाच्या आधी उत्तराबाईंनी स्वतः खाली बसून नाड्या आवळल्या होत्या. गाठ सुटून फजिती नको म्हणून वरची टोकं त्यांनी सुईदोऱ्याने टाचून टाकली, चार-चार टाके, पक्के. टाचताना त्यांचा हात तिच्या पोटरीला लागला. "केवढी कडक गं," त्या म्हणाल्या. एवढंच.

"मी ब्रह्मदेशातून चालत आलो आहे. दार उघडा."

हॉल शांत झाला. तान्हं पोर रडत होतं तेही थांबलं. ते वासंतीच्या हातचं होतं, असं त्याची आई नंतर म्हणाली.

शेवटच्या प्रवेशात कॅप्टनने करंड्याकडे पाहिलं. ठरलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ पाहिलं. पडदा ओढणारी सुमती दोरी धरून थांबली. मग तिने ओढली.

*

बाहेरून पुरुषाचा आवाज आला. दारावरच्या मुलीने आत कुणाही पुरुषाला सोडायचं नाही या हुकमाप्रमाणे दार धरून ठेवलं होतं, म्हणून तो रस्त्यावरूनच ओरडत होता.

"नर्सबाय, ओ नर्सबाय. मी पंढरी. बाळकूमचा. आयनं पाठवलाय. शकूला लागलंय."

पडदा नुकताच पुन्हा उघडला होता. सगळी पात्रं ओळीने हात जोडून उभी होती. खाली हळदीकुंकवाची तबकं फिरायला लागली होती, तिळगुळाचे डबे उघडले होते. मागचं दार नाटकाच्या सामानाने बंद झालं होतं. पेट्या हलवायला वेळ लागला असता. उत्तराबाई विंगेतून म्हणाल्या, "थांब, हलवतो."

वासंतीने मिशी ओढून काढली. बॅग विंगेत खुर्चीखाली होतीच. ती रंगमंचाच्या पुढच्या पायऱ्या उतरली आणि बायकांच्या मधून सरळ दाराकडे चालू लागली.

तेव्हा तिची पाठ दिसली. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत दोन्ही बूट मागून उघडे, आणि त्यांवर पांढऱ्या बँडेजच्या फुल्या. एक मुलगी फिसकन हसली. तिच्या आईने तिला कोपर मारलं. तबक घेऊन उभी असलेली बाई कॅप्टन जवळ आला तशी सवयीने पुढे झाली, कुंकवात बोट बुडवलं, मग कोण आहे ते तिला आठवलं आणि बोट तसंच हवेत राहिलं. दुसऱ्या हाताने तिने तिळगूळ पुढे केला. वासंतीने तो घेतला, तोंडात टाकला आणि पायऱ्या उतरून पंढरीने आणलेल्या टांग्यात बसली.

*

(बूट कल्याणला परत गेले तेव्हा त्यांच्या तळव्यांवर खाडीचा चिखल आणि मिठाची पांढरी रेघ होती. त्र्यंबकराव माफी मागू लागले. हरिहरने भिंतीवरच्या तांबड्या अक्षरांकडे एकदा पाहिलं. "असू द्या," तो म्हणाला, आणि ते त्याने न पुसता रांगेत ठेवले.)

*

माजिवड्याच्या पुढे टांगा जात नव्हता. पंढरी बॅग घेऊन पुढे आणि कॅप्टन मागे, असे ते बांधावरून गेले. खाकी विजारीवर तिने टांग्यातच बॅगेतली साडी गुंडाळली होती. ऊन कललं होतं. मिठागरात काम संपवून निघालेल्या बायका बाजूला झाल्या आणि तिच्या पायांकडे बघत राहिल्या.

ओटीच्या पायरीशी गोदा उभी होती. "आयलीस. यो कय घातलंस?"

"आधी हे काढ. हे घालून मी आत येणार नाही. शकूला किती वेळाने येतायत कळा?"

"येल हाय अजून. पान्याचा हंडा चुलीवं हाय."

वासंती पायरीवर बसली. मागे हात पोचत नव्हता, म्हणून ती ओटीवर पालथी झाली. गोदाने गाठ पाहिली, टाके पाहिले, आणि आतून कोयती आणली.

"कोनी शिवली गो तुला?"

"आमच्या चिटणीसबाईंनी."

"बैलाला पन अशी नाय बांदत." गोदाने टाके एकेक करून कापले. नाडी सैल झाली तरी पाय सुजून आत घट्ट बसला होता. तिने बूट दोन हातांत धरला, आपला पाय भिंतीला लावला आणि ओढला. तो सुटला तशी ती बुटासकट अंगणात बसली. आतून शकूने विचारलं, "आय, कय पडलं?"

"कॅप्टन पडला," वासंती म्हणाली.

आत शकू कळ थांबल्यावर हसली, आणि हसताना तिला पुढची कळ आली.

*

मुलगी झाली. दिवेलागणीला. सगळं सुरळीत.

वासंतीने हात धुतले, बॅग बंद केली आणि ओटीवर येऊन बसली. नेहमी ती लगेच निघायची. आज तिला उठवेना. खाकी विजार गुडघ्याशी ओली झाली होती. तिने पाय लांब केले. पोटऱ्यांवर नाडीच्या फुल्या उमटल्या होत्या, वरपासून खालपर्यंत, दोन्हीकडे.

गोदा खोबरेल तेलाची वाटी घेऊन आली. तेल शकूसाठी गरम केलं होतं. ती पायरीवर बसली, काही न विचारता वासंतीचा पाय तिने स्वतःच्या मांडीवर घेतला आणि पोटरीला तेल लावायला सुरुवात केली. अंगठ्याने खालून वर, पिठाच्या गोळ्यासारखं दाबत. वासंतीने पाय ओढून घेतला.

"मला नको. शकूला लाव."

"तिला लावलंय. वाटीन उरलंय." गोदाने पाय पुन्हा मांडीवर घेतला. "गप बस जरा."

शेजारची एक म्हातारी पोर बघायला आली. दाराशी ते दोन तपकिरी बूट उभे होते, पुढून चकचकीत, टाचा जुळवून. ती पायरीखालीच थांबली आणि तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"कोन सायेब आयलाय का गो घरान?"

"ये, ये," गोदा म्हणाली. "आमचाच हाय."

म्हातारी बुटांना वळसा घालून आत गेली. गोदाने दुसरा पाय उचलला. वासंती भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून बसली होती. आत मुलगी रडायची थांबली होती.

नवरा गेला त्या, एकोणीसशे एकोणतीसच्या श्रावणात वासंतीच्या पायांतली जोडवी निघेनात, तेव्हा साबण लावून काढावी लागली होती.